रोड सायकलचे मडगार्ड

मडगार्ड म्हणजे सायकलच्या टायरपासून थोडे अंतर सोडून बसवलेली धातूची किंवा प्लास्टिकची वक्र पट्टी होय. ओल्या रस्त्यावरून टायरने उचललेले पाणी, चिखल व बारीक खडी चालकावर, सायकलच्या सुट्या भागांवर आणि मागून येणाऱ्यांवर उडू नये, हा तिचा उद्देश असतो. अमेरिकेत तिला फेंडर म्हणतात. रोजच्या वापराच्या सायकलींवर मडगार्ड कारखान्यातच बसवलेले असते. वेगासाठी बनवलेल्या, वाकड्या हँडलच्या रोड सायकलींवर मात्र ते नसते आणि पुष्कळदा त्यासाठी जागाही ठेवलेली नसते. अशा सायकलला मडगार्ड बसवणे हे मिलिमीटरच्या हिशेबाचे काम आहे. हा हिशेब चुकल्यास पुढचे चाक अचानक अडकून चालक हँडलवरून फेकला जाऊ शकतो.

पाणी कसे उडते

फिरत्या टायरला चिकटलेले पाणी ज्या बिंदूपाशी सुटते, तेथील स्पर्शरेषेच्या दिशेने जाते. सायकल पुढे जात असताना चाकाचा सर्वांत मागचा बिंदू आसाच्या तुलनेत वर जात असतो. त्यामुळे मागच्या चाकाच्या वरच्या अर्ध्या भागातून सुटलेले पाणी वर व पुढे उडते आणि चालकाच्या पाठीवर चिखलाचा ओळखीचा उभा पट्टा उमटवते. पुढच्या चाकाच्या खालच्या, मागील बाजूने सुटणारे पाणी मागे व वर जाते. ते चालकाचे बूट, खालची तिरकी नळी आणि पायडलच्या आसाचे बेअरिंग यांवर आदळते. मागच्या चाकाचे असेच पाणी मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या तोंडावर उडते.

म्हणून मडगार्ड चाकाच्या मागील बाजूस जमिनीच्या दिशेने किती खाली उतरते, याला फार महत्त्व आहे. केवळ चाकाच्या माथ्यावर बसणारी आखूड पट्टी पाठ कोरडी ठेवते, पण पाय भिजतातच. पूर्ण लांबीच्या मडगार्डलाही खाली रबराची, चामड्याची किंवा प्लास्टिकच्या बाटलीतून कापलेली झडप जोडली जाते, ती याच कारणासाठी. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात समूहाने सायकल चालवताना मडगार्ड असणे हा शिष्टाचार मानला जातो. त्याचा फायदा मुख्यतः मागच्याला होतो.

जागेचा प्रश्न

भारतात सर्वत्र दिसणाऱ्या जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलीत टायर आणि सांगाडा यांच्यामध्ये ऐसपैस मोकळी जागा असते. तिच्या पत्र्याच्या मडगार्डला पोचा आला तरी चाक फिरत राहते. रोड सायकलीत ही जागा आखडण्यास मुख्यतः ब्रेकची रचना कारणीभूत ठरली. रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा कॅलिपर ब्रेक चाकाच्या माथ्यावर एका बोल्टने बसतो. बोल्टपासून ब्रेकच्या रबरापर्यंतच्या अंतरास ब्रेकची पोच म्हणतात. शर्यतीच्या ब्रेकची पोच साधारण ३९ ते ४९ मिमी असते, तर मडगार्डला वाव देणाऱ्या मध्यम पोचेच्या ब्रेकची ४७ ते ५७ मिमी.

७००सी मापाच्या चाकावर टायर जेथे बसतो, त्या वर्तुळाचा व्यास ६२२ मिमी, म्हणजे त्रिज्या ३११ मिमी असते. ब्रेकचे रबर ढोबळमानाने याच उंचीवर दाबले जाते. पोच ४५ मिमी धरल्यास बोल्ट आसापासून सुमारे ३५६ मिमी अंतरावर येतो. २३ मिमी टायरचा माथा ३३४ मिमीवर असतो. उरलेल्या २२ मिमींतून ब्रेकच्या भुजांची जाडी वजा केली की प्रत्यक्षात एक सेंटिमीटरही शिल्लक राहत नाही. टायर २८ मिमी घेतल्यास त्यातूनही ५ मिमी जातात. पोच ५७ मिमी असती, तर तीच जागा १२ मिमींनी वाढली असती.

अडचणीच्या जागा चार असतात: पुढच्या चिमट्याचा माथा, पुढचा ब्रेक, मागच्या ब्रेकचा आडवा दुवा आणि आसनाच्या उभ्या नळीची मागची बाजू. पहिल्या तीन ठिकाणी उंची कमी पडते, शिवाय चिमट्याच्या दोन पायांमधील रुंदीही अनेकदा अपुरी असते. जागा मोजण्यासाठी एलन कीचा उपयोग होतो. टायरमध्ये पूर्ण हवा भरून ६ मिमीची की ब्रेकखालून सहज सरकते का, हे पाहिले जाते. टायरवर छापलेल्या मापावर विसंबता येत नाही, कारण रुंद रिमवर तोच टायर फुगून बसतो.

डिस्क ब्रेकमुळे हा प्रश्न बराच सैल झाला आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २०१८ मध्ये रस्त्यावरील शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची मान्यता दिली. त्यानंतर चाकाच्या माथ्यावर ब्रेकच नसलेल्या आणि रुंद टायर सामावून घेणाऱ्या रोड सायकली सर्रास मिळू लागल्या.

याच्या अगदी उलट विचार विसाव्या शतकाच्या मध्यात पॅरिसमधील रेने एर्स व अलेक्स सेंजे यांच्यासारख्या कारागिरांनी केला होता. ते मडगार्ड गृहीत धरूनच सांगाडा बांधत. सर्व आडवे दुवे आसापासून समान अंतरावर ठेवून ॲल्युमिनियमचे मडगार्ड त्यांना थेट बोल्टने जोडले जाई, त्यामुळे पट्टी टायरशी समकेंद्री राही आणि खडखडत नसे. जपानमधील होंजो ही कंपनी अशा धाटणीचे ठोकीव ॲल्युमिनियमचे मडगार्ड बनवते.

अपुऱ्या जागेवरील उपाय

पूर्ण लांबीच्या मडगार्डची रुंदी टायरपेक्षा काही मिलिमीटर जास्त असावी लागते. २८ मिमीपर्यंतच्या टायरला साधारण ३५ मिमी रुंदीची पट्टी वापरतात. टायर आणि पट्टी यांत सुमारे १० मिमी अंतर असणे चांगले, पण अडचणीच्या सायकलीत ५ मिमींवर समाधान मानावे लागते. तेवढेही नसल्यास पहिला व स्वस्त उपाय म्हणजे अरुंद टायर घेणे. दुसरा उपाय चिमट्याच्या पायांमध्ये येणारा पट्टीचा भाग दोन्ही कडांनी कातरून अरुंद करणे. कातरलेल्या कडा कानशीने घासल्या नाहीत, तर तेथूनच पट्टी तडकते.

ब्रेकखाली पट्टी जातच नसेल, तर ती तेथे तोडून दोन तुकडे ब्रेकच्या पुढे व मागे स्वतंत्रपणे बसवले जातात. जर्मनीतील एसकेएस कंपनीचे रेसब्लेड लाँग याच तत्त्वावर बनवलेले आहे. तोडलेल्या जागेतून थोडे पाणी ब्रेकवर उडते, पण पाय आणि पाठ वाचतात. ब्रिटनमधील क्रड रोडरेसर हे वजनाने हलके प्लास्टिक मडगार्ड अगदी थोड्या जागेसाठी बनवले गेले. ते रिमच्या कडेला घासणाऱ्या मऊ लवदार पट्ट्यांच्या आधाराने मध्यभागी राहते.

मडगार्डच्या सळया अडकवण्यासाठी सांगाड्यावर आटेदार छिद्रे नसल्यास नळीभोवती रबराचे अस्तर असलेल्या पी आकाराच्या क्लिपा आवळतात. कार्बन तंतूच्या चिमट्याला मात्र छिद्र पाडणे धोक्याचे आहे, आणि क्लिपाही आवळू नयेत, कारण दाबामुळे तंतूंचे थर आतून फुटू शकतात व ते बाहेरून दिसत नाही. तेथे आसाच्या टोकाला धरणारे किंवा रबरी पट्ट्यांनी बांधायचे प्रकार वापरतात.

बसवताना सळया आधी पूर्ण लांबीच्या ठेवून पट्टी टायरशी समांतर आणली जाते आणि शेवटी उरलेली टोके कापली जातात. ही घाई अनेकांना नडते. आखूड कापलेली सळई पुन्हा वाढवता येत नाही. पट्टी ओढून, वाकवून बोल्टखाली बसवल्यास ती ताणाखाली राहते आणि काही महिन्यांत त्याच जागी मोडते. अशा ठिकाणी वायसर घालून अंतर भरणे योग्य.

धोके

पुढच्या चाकाच्या मागील बाजूने टायर वर जात असल्यामुळे काटकी किंवा दगड मडगार्डच्या खालच्या तोंडातून आत ओढला जातो. तो वर सरकत गेला की सळया वाकतात, पट्टी चिमट्याच्या माथ्याखाली चुरगळते आणि चाक क्षणात थांबते. जागा जितकी कमी, तितका लहान दगडही पुरतो. यावर उपाय म्हणून एसकेएसने सिक्यु-क्लिप नावाची जोडणी आणली. सळईवर ठरावीकपेक्षा जास्त ओढ आल्यास ती आपोआप सुटते व पट्टी चाकापासून दूर होते. पुढच्या मडगार्डला अशी सुटणारी जोडणी असणे आवश्यक मानले जाते. सळई दोऱ्याने किंवा तारेने घट्ट बांधल्यास हे संरक्षण निकामी होते.

दुसरी अडचण पायांची. लहान मापाच्या सायकलीत हँडल वळवले असता बुटाचे टोक पुढच्या टायरला जेमतेम चुकते. मडगार्ड आल्यावर ते त्याच्या कडेला किंवा सळईला लागते. वेगात हँडल इतके वळत नसल्याने त्रास होत नाही, पण गर्दीतल्या हळू वळणावर चालक पडू शकतो.

महाराष्ट्रात पावसाळ्यातील घाटरस्त्यांवर आणि लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे प्रकारच्या सायकलफेऱ्यांत मडगार्डचा उपयोग होतो. दख्खनच्या काळ्या, चिकट मातीत मात्र कमी अंतराचे मडगार्ड अडचणीचे ठरते. ही माती टायरबरोबर वर जाऊन पट्टीच्या आत थर धरते आणि काही मीटरांतच चाक फिरेनासे होते. अशा कच्च्या वाटेवर जाण्यापूर्वी झटकन काढता येणारे मडगार्ड उतरवून ठेवणे सोयीचे असते.