दुसऱ्या सायकलीची सबब
घरात एक सायकल सुस्थितीत उभी असताना दुसरीच्या खरेदीचा अर्ज घरच्या दरबारी गुदरणे धाडसाचे खरे. तथापि पुण्याहून मुळशीकडे जाताना डांबरी सडक सोडून मुरमाड वाटेस लागणाऱ्याला त्याची सबब सहज सापडते. शर्यतीच्या सायकलीचे २५ ते २८ मिलिमीटर रुंदीचे कडक टायर डांबरावर वेगवान, पण खडीवर हाडे खिळखिळी करणारे. माउंटन बाइकचे रुंद, खाचदार टायर तेथे समर्थ, परंतु सडकेवर जड. या दोहोंचा मध्य साधणाऱ्या ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या वाटेच्या, सायकलीत शर्यतीचे वाकडे हँडल कायम ठेवून सुमारे ४० मिलिमीटरचे टायर, डिस्क ब्रेक आणि चढणीस सुलभ गिअर यांची योजना असते. टायरांतील कमी दाबाची हवा बरेचसे धक्के परस्पर जिरवते. मात्र जुन्या सायकलीच्या चौकटीत रुंद टायर मावत असतील, तर प्रथम तेच बसवून पाहावेत; न मावल्यास अर्ज बेलाशक गुदरावा.