व्हॅलिडेटर नोड : यंत्र कोणाचे, किल्ली कोणाची?

"पैसे द्या, तुमच्या नावाने ब्लॉकचेनचा नोड चालवतो, दरमहा ठरलेली रक्कम घ्या," असे कोणी सांगितले तर होकार देण्याआधी नोड कसा उभा राहतो हे समजून घ्या, असे आम्ही तरुणांना आणि कार्यकर्त्यांना सांगतो. उदाहरण इथेरियमचे घेऊ.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने वीजखाऊ 'मायनिंग' बंद केले. तेव्हापासून व्यवहारांची तपासणी व्हॅलिडेटर करतात. त्यासाठी किमान ३२ इथर तारण ठेवावे लागतात.

आधी चोवीस तास चालणारा संगणक हवा. ३२ जीबी रॅम, ४ टीबी एसएसडी आणि अखंड इंटरनेट असल्यास उत्तम. त्यावर दोन प्रोग्रॅम बसवायचे. गेथ किंवा नेदरमाइंड व्यवहार तपासतो. लाइटहाउस किंवा टेकू इतर नोडशी एकमत साधतो. दोघांना एकमेकांची ओळख पटावी म्हणून एकच गुप्त फाइल दोघांच्या सेटिंगमध्ये द्यायची. राउटरवर ३०३०३ आणि ९००० ही पोर्ट खुली ठेवायची. दर १२ सेकंदांनी नव्या ब्लॉकची पाळी येते, म्हणून संगणकाचे घड्याळ अचूक हवे.

इथपर्यंत नोड तयार झाला. त्याला एकही इथर लागत नाही!

व्हॅलिडेटर होण्यासाठी मात्र किल्ल्या लागतात. त्या २४ शब्दांतून तयार होतात. हे शब्द इंटरनेट बंद ठेवून तयार करावेत, कागदावर लिहावेत आणि कोणालाही देऊ नयेत. तारण परत कोणत्या पत्त्यावर जाईल, तो पत्ता एकदा नोंदवला की बदलता येत नाही.

वीज गेली तर थोडी कपात होते. पण त्या भीतीने तीच सही करणारी किल्ली दुसऱ्या संगणकावरही चालू ठेवली, तर दुहेरी सही होऊ शकते. मग तारण कापले जाते आणि व्हॅलिडेटर कायमचा बाहेर फेकला जातो.

म्हणून पैसे मागणाऱ्याला दोन प्रश्न विचारा : २४ शब्द कोणाकडे? परतीचा पत्ता कोणाचा? दोन्ही त्याचेच असतील, तर तारणही त्याच्याच ताब्यात आहे. ठरलेल्या मासिक रकमेची हमी इथेरियम देत नाही. एकूण तारण वाढले की मोबदल्याचा दर घटतो.

शिकायचेच असेल, तर २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'हूडी' या चाचणी नेटवर्कवर शिका. तिथल्या इथरला बाजारात किंमत नाही. चूक झाली तरी घरचा पैसा बुडत नाही, आणि कौशल्य मात्र आपलेच राहते.