साक्षीदार मागे का सरतो?

नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडी येथे तेलकंपन्यांचे मोठाले साठे आहेत. तेथून निघणाऱ्या टँकरांमुळे त्या भागातील रस्ते सदैव गजबजलेले असतात. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांची मोटार या भागातून जात होती. एका ढाब्यापाशी तेलाच्या भेसळीचा प्रकार चालू असावा असा त्यांना संशय आला. ते खाली उतरले, विचारपूस करू लागले आणि समोरच्या प्रकाराची छायाचित्रे घेऊ लागले. थोड्याच वेळात त्यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. साऱ्या महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली, सरकारी नोकरवर्गाने निषेधार्थ काम बंद ठेवले, आणि पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आला.

या घटनेचा विचार करताना अपराध्यांच्या क्रौर्याकडे लक्ष जाते, हे स्वाभाविकच होय. परंतु तिची दुसरी एक बाजू आहे, आणि ती फारशी बोलली जात नाही. ज्याच्या हाती सरकारी अधिकार आहे, ज्याच्या दिमतीला सरकारी मोटार आहे, त्याची जर ही गत होते, तर त्याच रस्त्यावरच्या चहावाल्याने, ट्रकच्या क्लीनरने किंवा शेताकडे निघालेल्या शेतकऱ्याने काय बोध घ्यावा? उद्या त्याच्या डोळ्यांदेखत असा काही प्रकार घडला, तर तो पोलिसांकडे जाऊन "हे मी पाहिले" असे म्हणेल काय?

असा मनुष्य गप्प बसला म्हणजे लोक त्याला भित्रा म्हणतात. हा आरोप करणे फार सोपे आहे, आणि बहुधा तो करणाराही त्या प्रसंगी गप्पच बसला असता. खरे पाहता साक्षीदाराचे मौन हा केवळ भित्रेपणा नव्हे. तो एक हिशेब असतो. साक्षीचा लाभ साऱ्या समाजाला होतो, तिचा खर्च मात्र एकट्या साक्षीदाराच्या पदरी पडतो. या हिशेबातील रकमा एकेक करून तपासल्या, म्हणजे मौनाचे कारण उमगते आणि त्यावरील उपायही दिसू लागतो.

पहिली रक्कम गुन्हा घडत असतानाच मांडली जाते. पाहणारे पुष्कळ असले की कोणीतरी पुढे होईलच, असे सामान्यतः वाटते; अनुभव याच्या उलट आहे. १९६४ साली न्यूयॉर्क शहरात एका तरुणीचा तिच्या घराजवळच खून झाला. अडतीस शेजारी स्वस्थ पाहत राहिले, अशी बातमी त्या वेळी छापून आली. ती पुष्कळच अतिरंजित होती हे पुढे उघड झाले. परंतु तिच्यामुळे डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा छडा लावण्याचे मनावर घेतले. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रावरून संभाषण करावयास सांगितले होते. मध्येच संभाषणातील एकाला फेपरे आल्याचा आवाज ऐकविण्यात आला. हा आवाज आपण एकटेच ऐकत आहोत, अशी ज्यांची समजूत होती त्यांच्यापैकी शेकडा ८५ जण झटका संपण्यापूर्वीच मदत मागण्यास उठले. आणखी एकजण ऐकत आहे असे वाटताच हे प्रमाण शेकडा ६२ वर आले, आणि आणखी चौघेजण ऐकत आहेत असे वाटताच ते शेकडा ३१ पर्यंत खाली उतरले. माणसे तीच, कळकळही तीच. परंतु जबाबदारी जितक्या जणांत वाटली गेली, तितकी ती प्रत्येकाच्या वाट्याला थोडी आली. भर बाजारपेठेत घडलेल्या मारामारीला साक्षीदार न मिळण्याचे एक कारण येथेच सापडते.

दुसरी रक्कम शेजारधर्माची. शहरातील अनोळखी गर्दीत ही तितकीशी जाणवत नाही. निफाड, येवला किंवा नांदगाव तालुक्यातील लहानशा गावात मात्र तीच सर्वांत मोठी असते. तेथे आरोपी हा कोणी परका नसतो. त्याची विहीर साक्षीदाराच्या बांधाला लागून असते, दोघांची मुले एकाच शाळेत जातात, सोसायटीच्या बैठकीत दोघे एकाच सतरंजीवर बसतात. आरोपी जामिनावर सुटून येतो, तेव्हा तो याच गावात येतो. त्याने धमकी द्यावी असेही नाही. पारावर त्याच्या भावाने नुसते टक लावून पाहिले तरी पुरते. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, ही म्हण खेड्यातील मनुष्याला कोणी शिकवावी लागत नाही.

तिसरी रक्कम पोलीसचौकीची आणि न्यायालयाची. तपासात पोलीस साक्षीदाराचा जो जबाब लिहून घेतात, तो दिला की आपले काम संपले अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. त्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही आणि न्यायालयात तो आपण होऊन पुरावा ठरत नाही. त्याचा उपयोग मुख्यतः साक्षीतील विसंगती दाखविण्यापुरता होतो. खरी साक्ष ती न्यायाधीशासमोर शपथेवर द्यावयाची आणि उलटतपासणीला तोंड देऊन टिकवावयाची. म्हणजे साक्षीदाराला धैर्य दोनदा गोळा करावे लागते, आणि या दोन वेळांच्या मध्ये कित्येक वर्षे लोटू शकतात. पंचांचीही तीच कथा. पंचनाम्यावर सही करताना पाच मिनिटांचे काम म्हणून सांगितलेले असते. त्या सहीसाठी न्यायालयाचे बोलावणे मात्र कधी येईल याचा नेम नसतो.

दिवस गेले म्हणजे काय होते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात बॉम्बस्फोट होऊन सहाजण मृत्युमुखी पडले. त्या खटल्याचा निकाल मुंबईच्या विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी दिला, आणि सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. घटना आणि निकाल यांत सोळा वर्षांहून अधिक काळ गेला. सरकारपक्षाने ३२३ साक्षीदार तपासले. त्यांतील तिसांहून अधिक साक्षीदार फितूर म्हणून जाहीर झाले. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. फितूर ठरलेला प्रत्येक साक्षीदार खोटे बोलतो असे नव्हे. पूर्वीचा जबाब आपण दबावाखाली दिला होता, असे या खटल्यातील काहींनी न्यायालयात सांगितले. तेव्हा साक्षीदाराला भय आरोपीचेच वाटते असे नाही. कधीकधी ते तपास करणाऱ्याचेही वाटते. जेथे दोन्हीकडून भय आहे, तेथे तिसरी वाट म्हणजे मौन.

न्यायालयात जाण्याचा खर्चही लहान नव्हे. सुरगाणा किंवा पेठसारख्या डोंगराळ तालुक्यातील मजूर नाशिकला साक्षीसाठी निघाला की त्याची त्या दिवसाची रोजी बुडते. उन्हाळ कांद्याच्या काढणीत किंवा द्राक्षांच्या तोडणीत समन्स आले तर शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. एवढे करून न्यायालयात पोहोचावे आणि दुपारी कळावे की, आज काम तहकूब झाले, पुढील तारखेला या. साक्षीदाराचा वाजवी खर्च देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण बुडालेला हंगाम तीतून भरून निघत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण अशाच अनुभवांतून जन्मली असली पाहिजे.

या तिन्ही रकमांखेरीज एक जुनी बाकीही या हिशेबात ओढलेली आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन याच्यावर अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या. बदली होऊन जाणाऱ्या कलेक्टरच्या सन्मानार्थ 'शारदा' नाटकाचा प्रयोग योजिलेला होता. त्यानंतरच्या धरपकडीत आणि खटल्यांत ज्यांनी सरकारला माहिती पुरविली, त्यांच्याकडे लोकांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल हे सांगावयास नको. परकीय अमलाखाली सरकारच्या बाजूने साक्ष देणे म्हणजे फितुरी, अशी धारणा दृढ झाली होती, आणि त्या काळी तिला कारणही होते. आज न्यायालयाच्या भाषेत फितूर हा शब्द नेमका उलट मनुष्याला लावला जातो. जो सरकारपक्षाची साथ सोडतो तो फितूर. शब्दाचा अर्थ पालटला, राज्य पालटले. परंतु पोलिसाला माहिती देणारा तो चुगलखोर, ही भावना अद्याप समूळ गेलेली नाही. आताच्या खटल्यातील फिर्याद राज्याच्या नावाने चालत असली तरी तिच्यामागे एखाद्या शेजाऱ्याचे दुःख असते, हे मनावर ठसावयास वेळ लागतो.

मग उपाय कोणता? लोकांना धैर्याचा उपदेश करून हा हिशेब पालटत नाही. खर्चाच्या रकमा कमी केल्या तरच तो पालटतो, आणि अलीकडच्या काळात कायद्याची पावले त्या दिशेने पडू लागली आहेत. अपघाताचे उदाहरण घ्यावे. रस्त्यात जखमी होऊन पडलेल्या मनुष्याला दवाखान्यात नेले तर पोलिसांचे शुक्लकाष्ठ मागे लागेल, या भयाने लोक काढता पाय घेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या नियमांवर शिक्कामोर्तब केले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद झाली. मदत करणाऱ्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्ती आता त्याच्यावर करता येत नाही.

गुन्ह्याच्या साक्षीदारांसाठी महाराष्ट्राने २०१७ साली स्वतंत्र कायदा केला. पुढे ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेस मान्यता देऊन ती साऱ्या देशास लागू केली. या योजनेप्रमाणे जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. साक्षीदाराने तिच्याकडे अर्ज केला की त्याला असलेल्या धोक्याचा अहवाल पोलिसांकडून मागविला जातो, आणि धोक्याच्या मानाने बंदोबस्त ठरतो. घरावर पहारा, न्यायालयात जाण्यायेण्यास सोबत, आरोपीशी समोरासमोर गाठ पडणार नाही अशी व्यवस्था, आणि अगदी बिकट प्रसंगी नवे नाव व नवे ठिकाण, इतक्या थरापर्यंत ही योजना जाते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर प्रत्येक राज्याला अशी योजना करणे बंधनकारक केले. याच संहितेप्रमाणे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी हजर केलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्याने नोंदवून घ्यावयाचा असतो. त्यायोगे वर्षानुवर्षांनी बदलणाऱ्या जबाबांना आळा बसावा, अशी अपेक्षा आहे. साक्ष दृक्‌श्राव्य साधनांनी घेण्याची सोय आहे, आणि वाटेल तितक्या तहकुबी देण्यासही मर्यादा घातली आहे.

कागदावरील योजना गावच्या पारापर्यंत पोहोचणे हे मात्र अजून पुष्कळ अंशी व्हावयाचे आहे. ज्याला आपले हक्क ठाऊकच नाहीत, त्याच्या हिशेबात त्या हक्कांची रक्कम जमा होत नाही. म्हणून काही गोष्टी प्रत्येक नागरिकाने ध्यानात ठेवाव्या. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुलगे, साठीच्या वरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना जबाबासाठी पोलीसठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनीच त्यांच्या घरी जावयाचे असते. खोटी साक्ष देण्यासाठी साक्षीदाराला धमकावणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उलटतपासणीत केवळ अपमानासाठी विचारलेला प्रश्न न्यायाधीश रोखू शकतो. साक्षीदाराने सर्व काही सांगितलेच पाहिजे असेही नाही. जे पाहिले ते सांगावे, जे पाहिले नाही त्याविषयी "ठाऊक नाही" म्हणावे. हे उत्तर कमीपणाचे नाही. प्रामाणिक साक्षीचे ते लक्षण आहे. शिवाय खुनासारख्या काही गंभीर गुन्ह्यांची माहिती असलेल्याने ती पोलिसांस किंवा दंडाधिकाऱ्यास कळविणे हे कायद्याने सांगितलेले कर्तव्यही आहे.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एखादी गोष्ट शाबीत करण्यास अमुक इतके साक्षीदार हवेत, असा नियम आपल्या पुराव्याच्या कायद्यात १८७२ सालीही नव्हता आणि २०२३ सालच्या नव्या कायद्यातही नाही. विश्वसनीय असा एक साक्षीदार पुरेसा होतो. गर्दीतला प्रत्येकजण "बाकीचे सांगतील" असे म्हणून घरी जातो, तेव्हा न्यायालय ज्या एका मनुष्याची वाट पाहत असते, तो कदाचित तोच असतो. त्याने पायरी चढावी अशी समाजाची इच्छा असेल, तर ती पायरी सोपी करणे आणि ती चढून परतलेल्याच्या पाठीशी उभे राहणे, हे काम समाजाचे आहे. त्याच्याविषयी पारावर जे काही बोलले जाते, तेही या हिशेबातच धरले जाते.