भुशीचे ओढे आणि रातबेडकाचे पान

लोणावळ्यानजीक भुशी येथील धरण महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहे. एकोणिसाव्या शतकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून इंद्रायणीवर ते बांधले. इंजिने गेली, आता पावसाळा सुरू झाला की धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसण्यासाठी पुण्या-मुंबईची माणसे लोटतात. परंतु उत्तर सह्याद्रीतील लहान ओढ्यांकाठी हेच चार महिने आणखी एका जीवाच्या लगबगीचे असतात. तो म्हणजे रातबेडूक. सह्याद्रीखेरीज जगात अन्यत्र तो आढळत नाही.

या बेडकाचे शास्त्रीय नाव निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. भादुरी व कृपलानी या प्राणिशास्त्रज्ञांनी १९५५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मुंबईचे निसर्गशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांचे नाव त्यास दिले. पुढे याच अब्दुलअलींनी बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध हिरिरीने आवाज उठविला आणि १९८७ मध्ये देशातून ती निर्यात बंद झाली. निर्यातीसाठी पकडले जात ते शेतातील मोठे बेडूक. बोटभर लांबीच्या रातबेडकाकडे कोणी व्यापारी फिरकला नसता. तरीही बेडकांच्या कैवाऱ्याचे नाव एका बेडकाला आधीच मिळालेले असावे, हा योगायोग मोठा मौजेचा.

ओढ्यात राहावयाचे तर शरीरही तसेच हवे. रातबेडकाच्या बोटांची टोके चकतीसारखी पसरट असतात, त्यामुळे ओल्या कातळावर व पानावर त्याची पकड सुटत नाही. मागील पायांच्या बोटांमध्ये पोहण्यासाठी पडदे असतात. त्वचा सुरकुतलेली असते. बेडूक फुप्फुसांप्रमाणेच त्वचेवाटेही श्वसन करतात व त्यासाठी ती सतत ओलसर राहावी लागते. सावलीतला वाहता ओढा ही सोय करतो. दिवसा तो दगडांच्या कपारीत दडून राहतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो.

त्याची खरी नवलाई मात्र प्रजननात आहे. दिल्ली विद्यापीठाचे डॉ. एस. डी. बिजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० ते २०१२ या काळात सातारा जिल्ह्यात कोयनेच्या परिसरातील हुंबरळी येथे पावसाळ्याच्या चाळीस रात्री ओढ्याकाठी घालविल्या. त्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक बेडकांत नर मादीस पुढील पायांनी घट्ट कवटाळतो व अंडी बाहेर पडत असतानाच त्यांचे फलन होते. रातबेडकाचा नर मादीच्या पाठीवर बसतो खरा, पण तिला धरीत नाही. त्याचे हात पानावर किंवा फांदीवर टेकलेले असतात. तो मादीच्या पाठीवर शुक्रद्रव सोडतो आणि बाजूला होतो. त्यानंतर मादी अंडी घालते, आणि पाठीवरून व मागील पायांवरून ओघळणाऱ्या द्रवाने त्यांचे फलन होते. त्या वेळी दोघांचा एकमेकांस स्पर्शही नसतो! बेडकांच्या मीलनाचे सहा प्रकार शास्त्राला ठाऊक होते, हा सातवा ठरला. शिवाय या जातीची मादीही साद घालते. बेडकांमध्ये ओरडणे हे सामान्यतः नराचे काम. मादीचा आवाज जगातील मोजक्याच जातींत नोंदला गेला आहे. आम्हा कलाशाखेच्या मंडळींना प्राणिशास्त्र शाळेनंतर भेटले नाही, परंतु हे वाचून आपणही थक्क झालो, हे नमूद केलेच पाहिजे.

अंडी घातली जातात ती पाण्यात नव्हे, तर ओढ्यावर झुकलेल्या पानांवर, फांद्यांवर किंवा खडकाच्या ओल्या अंगावर. खालच्या पाण्यात ती वेगाने वाहून गेली असती वा माशांच्या तोंडी पडली असती. पानावरील बुळबुळीत आवरणात ती वाढतात आणि पिले, म्हणजेच बेडूकमासे, बाहेर पडताच सरळ खालच्या पाण्यात टपकतात. पान पाण्याच्या नेमके वर नसेल, तर पिलू कोरड्या दगडावर पडेल.

पंचायतींचा संबंध येतो तो येथे. पावसाळ्यापूर्वी ओढे साफ करताना गाळ व प्लास्टिक काढणे अत्यावश्यक आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच झपाट्यात काठची झुडपे मुळापासून तोडली, काठ सिमेंटने बांधून काढले, तर ओढा स्वच्छ दिसेल, पण अंडी घालावयास पान उरणार नाही. गावात पाणी तुंबते तेथील काठ मोकळा करणे वेगळे, आणि रानातील चढावरच्या ओढ्यावर कोयता चालविणे वेगळे. कामाचा अंदाज तयार करतानाच हा भेद लिहून ठेवला, तर मजुरांना काय तोडावे नि काय राखावे हे सांगता येईल. पर्यटकांसाठी पायवाटा आखतानाही त्या काठावरूनच नेण्याचा आग्रह नसावा.

शिक्षकबंधू-भगिनींना मुलांसह हा जीव पाहण्याची इच्छा होईल. तथापि ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, हे विसरता येणार नाही. डोंगरावर सर कोसळली की ओढा काही क्षणांत फुगतो. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. दिवसाउजेडी, सुरक्षित काठावरून, पाण्यावर झुकलेल्या पानांकडे पाहिले तरी पुरे. एखाद्या पानावर अंड्यांचा पारदर्शक पुंजका दिसला, तर त्याला हात न लावता पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन पाहावे.