राईच्या दाण्याएवढी कात्री

भाताचं 30 सेंटिमीटर लांबीचं एक पान मनातल्या मनात 5 लाख पटींनी वाढवा. ते मुंबईहून थेट पुण्याला पोचेल, रुंदी भरेल 5 किलोमीटर. या हिरव्या माळावर करप्याच्या बुरशीचा बीजाणू येऊन पडतो, तो एसटीच्या गाडीएवढा. त्याला कोंब फुटतो आणि कोंबाच्या टोकाशी 5 मीटरचा घुमट फुगतो. बुरशी जी विकरं, म्हणजे एन्झाइम, सोडते, त्यातलं एकेक मात्र एवढं वाढवूनही राईच्या दाण्याएवढंच!

आधी घुमटाकडे पाहू. त्याचा खरा व्यास मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग. आत ग्लिसरॉल साठतं, ते पाणी ओढून घेतं आणि दाब चढतो 80 वातावरणांपर्यंत. मोटारीच्या चाकात भरतो त्या हवेच्या पस्तीस-चाळीस पट! या जोरावर बुरशी पानात खिळा ठोकते. पानावरचा मेणचट थर सैल करायला क्युटिनेज हे विकर हातभार लावतं. पेशीभित्तिका कापणारी झायलनेजसारखी विकरं वेगळीच. या बुरशीचा जनुकसंच 2005 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे 11,000 जनुकं मोजली गेली. त्यांतल्या 700हून अधिक जनुकांची प्रथिनं पेशीबाहेर सोडण्यासाठीच असावीत, असा हिशेब निघाला.

एवढ्या कात्र्या हाताशी असून ही चोरटी सुरुवातीला त्या जपून वापरते, हे मला त्या दाबापेक्षाही थोर वाटतं. भिंत कुरतडली की तिचे तुकडे सांडतात, आणि ते ओळखून झाड सावध होतं. म्हणून चार-पाच दिवस बुरशी जिवंत पेशींतून गुपचूप सरकते. मग पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके उमटतात. एकेका ठिपक्यातून रात्रीत हजारो बीजाणू सुटतात, तेही आठवडा-दोन आठवडे. करप्यापायी जगात दरवर्षी 6 कोटी माणसांना पुरेल इतका तांदूळ जातो, असा अंदाज आहे.

शेतकरी फवारतात ते ट्रायसायक्लाझोल या कात्र्यांच्या वाटेला जातच नाही. घुमटाच्या भिंतीतलं काळं मेलॅनिन ते बनू देत नाही, मग घुमटात दाब टिकत नाही. अर्थात, हे बुरशी आत शिरण्याआधी. ठिपका दिसला, तिथला घुमट आपलं काम उरकून बसलेला असतो.