क्रोशाचा पुष्पगुच्छ

लग्नघरी रुखवत पाहावयास जमलेल्या स्त्रियांची नजर कोठे खिळते, हे लक्ष देऊन पाहण्यासारखे असते. चकचकीत भांडी, लाडू-करंज्यांची ताटे, साड्यांच्या घड्या यांवरून ती भरभर पुढे सरकते आणि क्रोशाच्या तोरणापाशी येऊन थांबते. भांड्यांची किंमत विचारली जाते; तोरणाजवळ मात्र प्रश्न निघतो तो ‘हे कोणी केले?’ असा. पुणे-सातारा असो, बडोदे असो की इंदूर असो, मराठी घरांतील हा प्रश्न काही बदललेला नाही.

या तोरण-रुमालांच्या पंक्तीत अलीकडे एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. तो म्हणजे क्रोशाने विणलेल्या फुलांचा गुच्छ. वाढदिवसाला, निरोपसमारंभाला, वधूच्या हाती देण्यासाठीही असे गुच्छ आवडीने घेतले जातात. घरी करणाऱ्या भगिनी आहेत, तशाच करून विकणाऱ्याही आहेत. विकणाऱ्यांना मात्र एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकावे लागते : ‘दोऱ्याच्या फुलांना एवढे पैसे?’ या वाक्याचे उत्तर द्यावयाचे, तर ही फुले होतात कशी आणि ती आजवर कोणाच्या हातून झाली, हे दोन्ही पाहावे लागेल.

‘क्रोशे’ हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ लहानसा आकडा. टोकाला आकडा असलेली एक सुई आणि एक सलग दोरा, एवढेच काय ते साहित्य. दोन सुयांच्या विणकामात कितीतरी टाके एकाच वेळी सुईवर असतात. क्रोशात बहुधा एकच फास जिवंत असतो आणि त्यातून पुढचा फास काढावयाचा असतो. पुढचा टाका मागल्या कोणत्याही टाक्यात घालता येतो, काम वळवता येते, गोल फिरवता येते. पाकळीला जो बाक हवा, तो याच मोकळिकीमुळे मिळतो. आणि याच मोकळिकीमुळे यंत्राला ही कला अद्याप साधलेली नाही. स्वेटर यंत्रावर विणले जातात, लेसही यंत्रावर निघते. ‘क्रोशे यंत्र’ या नावाने कारखान्यांत जे चालते, तेही प्रत्यक्षात निराळ्याच जातीचे विणकाम आहे. तात्पर्य, क्रोशाचे खरे फूल जगात कोठेही दिसले, स्वस्त दुकानात दिसले तरीही, ते कोणा एका माणसाने हातानेच विणलेले असते.

क्रोशाच्या फुलांना पोटापाण्याचे साधन म्हणून मोठे स्थान मिळाले ते आयर्लंडमध्ये. १८४५ साली तेथील बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचे मुख्य अन्नच बटाटा. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि जवळजवळ तितक्यांनीच देश सोडला. त्या काळात कॉर्कजवळील जोगिणींच्या मठात मुलींना क्रोशाकाम शिकवले जाऊ लागले. मोनाहन परगण्यातील क्लोन्स या गावी धर्मोपदेशकाची पत्नी कॅसांड्रा हँड हिने १८४७ साली शिक्षिका बोलावून गावच्या स्त्रियांना या कामास लावले. त्या वेळी श्रीमंतांच्या पोशाखावर व्हेनिसच्या सुईकामाच्या लेसची चलती होती. पण तिचा एवढासा तुकडा करावयास अतोनात वेळ लागे. आयरिश स्त्रियांनी तशीच उठावदार फुले क्रोशाने कितीतरी लवकर विणून दाखवली. गुलाब, द्राक्षांचे घोस, तीन दलांचे शॅमरॉकचे पान असे सुटे नमुने विणावयाचे, ते कापडावर मांडावयाचे आणि मधली जागा जाळीने भरून काढावयाची, अशी ती पद्धत. एका घरात एकच फूल विणले जाई आणि त्या फुलाची रीत घराबाहेर जाऊ नये म्हणून जपली जाई, असेही सांगतात. नवल नाही; ज्या फुलावर घरची चूल पेटते, ते फूल कोण कोणास शिकवील?

आपल्या देशातही या कलेचे एक मोठे केंद्र आहे. गोदावरीकाठच्या दुम्मुगुडेम येथे १८४४ च्या सुमारास मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी दांपत्याने स्थानिक स्त्रियांना लेस विणावयास शिकवले, असा तिकडील इतिहास सांगतात. तीच कला नदीबरोबर खाली उतरून आंध्र प्रदेशाच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील नरसापूर परिसरात रुजली. तेथेही आयर्लंडसारखीच वाटणी दिसते : एका घरी नुसती फुले विणली जातात, दुसऱ्या घरी ती जोडून मेजावरचे रुमाल व पलंगपोस तयार होतात आणि माल परदेशी रवाना होतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या स्त्रियांमध्ये राहून अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या निष्कर्षातील बोचणारी गोष्ट अशी की, घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या स्त्रियांना कोणीच कामगार मानीत नव्हते. ‘घरी बसलेल्या बाया, फावल्या वेळात विणतात’ असे व्यापारी म्हणत, घरचे म्हणत आणि बहुतेक वेळा त्या स्वतःही म्हणत. आणि फावल्या वेळाला मोल कसले, या न्यायाने मजुरी ठरे. नरसापूरच्या क्रोशा-लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला संरक्षण लाभले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मजुरीचा हिशेब त्याने आपोआप सुटत नाही.

आता प्रत्यक्ष फुलाकडे वळू. मध्यम जाडीचा सुती दोरा आणि अडीच मिलिमीटरची सुई घ्यावी. लोकर चालते, पण तिची फुले फुगीर होतात आणि पाकळीची कड स्पष्ट उठत नाही, म्हणून आमचा कौल सुताला. टाके तीनच लागतात. फासातून फास काढत गेले की साखळी होते. सुई टाक्यात घालून दोरा ओढला आणि सुईवरील दोन्ही फासांतून एकदम काढला की मुका खांब. टाक्यात शिरण्याआधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेतला आणि दोन-दोन फास करून दोनदा सोडवले की उभा खांब.

गुलाबासाठी अठ्ठेचाळीस साखळ्या घालाव्यात. सुईपासूनच्या सहाव्या साखळीत एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा त्याच जागी एक खांब घालावा. दोन फाट्यांचे बेचके दिसू लागेल. पुढे दोन साखळ्या सोडून तिसरीत तसेच बेचके, असे शेवटपर्यंत करावे. एकूण पंधरा बेचकी होतील. काम उलटवून प्रत्येक बेचक्याच्या पोटात खांबांचा पंखा भरावा आणि दोन बेचक्यांच्या मधे एक मुका खांब घालून पाकळ्या वेगळ्या कराव्यात. पहिल्या पाच पाकळ्यांत सहा-सहा खांब, मधल्या पाचांत आठ-आठ, शेवटच्या पाचांत दहा-दहा. दोरा वीतभर लांब ठेवून तोडावा. पट्टी आपोआप वळू लागते. तिला आडवू नये. लहान पाकळ्यांच्या टोकाकडून गुंडाळत जावे आणि राखलेल्या दोऱ्याने तळाशी आरपार टाके घालून पक्के करावे. पहिला गुलाब बहुधा कोबीच्या गड्ड्यासारखा दिसतो. गुंडाळी सैल केली की दुसऱ्यात सुधारणा होते.

मोगऱ्यासारखे लहान फूल त्याहून सोपे. पाच साखळ्यांचे कडे करून त्यात ‘तीन साखळ्या, दोन खांब, तीन साखळ्या आणि कड्यात अडकवलेला टाका’ असे पाच वेळा केले की पाच पाकळ्या होतात. पानासाठी आयरिश स्त्रियांची युक्ती घ्यावी. त्या जाड दोऱ्याचा गाभा ठेवून त्यावरून मुके खांब विणत. त्यामुळे कडेला उठाव येई. आपण दोऱ्याऐवजी बारीक तार ठेवली, तर पान हवे तसे वाकवता येते. देठाची तार प्लॅस्टिकचे वेष्टन असलेलीच घ्यावी. साधी तार पावसाळ्यात गंजते आणि पांढऱ्या फुलावर तांबूस डाग पडतो. तारेचे टोक पकडीने दुमडून मगच फुलात खोचावे, कारण गुच्छ मुलांच्याही हाती जातो. मग हिरव्या दोऱ्याने देठ घट्ट लपेटावा. फुलाला ताठपणा हवा असल्यास तांदळाची पातळ खळ पुरे. काही पुस्तकांत साखरेचा पाक सांगितलेला आढळतो. तो थंड देशांना ठीक, आपल्याकडे गुच्छ मुंग्यांचा होईल.

सात गुलाब, दहा मोगरे आणि बारा पाने असा बेताचा गुच्छ धरला, तर वेळ किती? सराव असलेल्या हातालाही एका गुलाबास पाऊण तास लागतो. सातांचे सव्वापाच तास झाले. मोगरा आणि पान यांना दहा-दहा मिनिटे धरली, तर आणखी पावणेचार तासांच्या आसपास. देठ लपेटणे व बांधणी यांस तास. एकूण दहा तास, म्हणजे कारखान्यातील पाळीपेक्षाही अधिक. एवढा वेळ मानेने आणि डोळ्यांनी दिलेला असतो, आणि गिऱ्हाईक मात्र दोऱ्याच्या गुंडीचा भाव विचारते! विकणाऱ्या भगिनींनी दोरा, तार आणि तास हे तिन्ही रकाने वहीत मांडावेत व भाव सांगताना तासांचा रकाना गाळू नये. घरच्या मंडळींनीही ‘बसल्या बसल्या चार फुले करून दे’ असे म्हणण्यापूर्वी ती वही एकदा पाहावी.

गुच्छ घरात आला की त्यावर धूळ बसणारच. महिन्यातून एकदा मऊ कुंचल्याने झटकावा. फारच मळला, तर कोमट पाण्यात सौम्य साबण विरघळवून त्यात फुलांचा भाग बुचकळावा. चोळू अथवा पिळू नये. स्वच्छ पाण्यातून काढून फुले खाली व देठ वर असा सावलीत टांगावा. गडद लाल दोरा पहिल्या धुण्यात रंग सोडू शकतो. यास्तव विणण्यापूर्वीच त्याचा एक तुकडा पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून पाहावा.