हिरवळीची तहान

उन्हाळा लागला की शाळेच्या आवारातील हिरवळ पिवळी पडू लागते आणि आपला हात आपोआप पाण्याच्या नळीकडे वळतो. गवत पिवळे पडले म्हणजे ते मेले, अशी आपली समजूत असते. कमी पावसाच्या प्रदेशात ही समजूत फार महाग पडते. म्हणून हिरवळीला पाणी किती लागते, ते कशावर ठरते आणि पाणी मिळाले नाही तर गवताचे काय होते, हे तीन प्रश्न आपण क्रमाने पाहू.

गवत मुळांनी जे पाणी शोषते त्यातले फारच थोडे स्वतःजवळ ठेवते. बाकीचे पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, वाफ होऊन निघून जाते. हाच बाष्पोच्छ्वास. शिवाय मातीतूनही पाण्याचे बाष्पीभवन होतच असते. वाफ व्हायला लागणारी उष्णता सूर्य पुरवतो आणि झालेली वाफ कोरडी हवा व वारा वाहून नेतात. म्हणजे हिरवळीची तहान मुख्यतः ऊन, वारा आणि हवेतील दमटपणा यांवर ठरते.

ही तहान मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी गवतालाच माप मानले आहे. अन्न व कृषी संघटनेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत १२ सेंटिमीटर उंचीचे, जमीन पूर्ण झाकणारे आणि भरपूर पाणी मिळालेले गवत प्रमाण धरले जाते. दख्खनच्या पठारावर ऐन उन्हाळ्यात असे गवत दिवसाला सुमारे ६ मिलिमीटर पाणी हवेत सोडते, असे धरू. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर.

आपली हरळी, म्हणजेच पूजेतली दूर्वा, याहून काटकसरी आहे. ऊस, ज्वारी आणि मका यांच्याप्रमाणे तिच्या पानांत कार्बन डायऑक्साइड पकडण्याची एक जादा रासायनिक यंत्रणा असते. त्यामुळे पर्णरंध्रे फार न उघडताही तिचे काम भागते. तिची गरज प्रमाण गवताच्या सुमारे ६० टक्के, म्हणजे दिवसाला ३.६ मिलिमीटर धरता येते. थंड हवेच्या देशांतून आलेल्या गवतांना सुमारे ८० टक्के लागतात.

आता हिशेब करू. शाळेची हिरवळ १,००० चौरस मीटर असेल, तर हरळीलासुद्धा रोज ३,६०० लिटर पाणी हवे. ग्रामीण नळयोजनांसाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण ठरवले आहे. म्हणजे हे सुमारे ६५ माणसांचे पाणी झाले.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. आपली हिरवळ वरील दराने तेवढे पाणी साडेचार महिन्यांत पिऊन टाकील. क्रिकेटच्या मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला होता आणि त्याच आठवड्यात ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश झाला.

मग हिरवळ लावूच नये काय? याचे उत्तर शेताच्या बांधावर मिळते. तिथल्या हरळीला दिवाळीनंतर कोणी पाणी घालत नाही. मे महिन्यात ती वाळलेली दिसते आणि जूनच्या पावसानंतर दोन आठवड्यांत पुन्हा हिरवी होते. पाने वाळली तरी तिची जमिनीखालची खोडे अन्नसाठा धरून जिवंत असतात. शेतकरी जिला खणून खणून थकतो, ती एका उन्हाळ्याने मरत नाही. पिवळेपणा ही तिची झोप आहे. मात्र झोपलेले गवत पायाखाली तुडवले तर झिजते आणि ती झीज पावसापर्यंत भरून येत नाही. म्हणून खेळण्याची जागा वेगळी राखावी.

ज्यांच्याकडे थोडे पाणी आहे त्यांनी रोज शिंपडू नये. रोजच्या शिडकाव्याने वरचाच थर भिजतो, तो लगेच सुकतो आणि मुळेही वरच राहतात. त्याऐवजी पाच-सहा दिवसांनी पहाटे २० मिलिमीटर पाणी द्यावे. उन्हाळ्यात गवत ५ सेंटिमीटरपर्यंत वाढू द्यावे आणि एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. या दिवसांत नत्रखत टाळावे, कारण त्याने कोवळी, तहानलेली पाने फुटतात. नवी लागवड पावसाळ्याच्या आरंभीच करावी.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग जरूर करून घ्यावा. मार्चमध्ये हिरवळीचे एक-एक चौरस मीटरचे तीन तुकडे आखा. एकाला रोज ३.६ लिटर पाणी द्या, दुसऱ्याला दर सहाव्या दिवशी २१.६ लिटर आणि तिसऱ्याला काहीच नको. शेजारी उन्हात पसरट भांड्यात पाणी ठेवून ते रोज किती मिलिमीटर उतरते, हे पट्टीने मोजा. पाऊस सुरू झाल्यावर तिन्ही तुकडे पुन्हा पाहा. तिसऱ्या तुकड्याने वाचवलेल्या पाण्याचा हिशेब फळ्यावर मांडला की शाळेने पुढच्या उन्हाळ्यात काय करावे, हे मुलेच सांगतील.